मुरलेलं तेल

३ तारीख, मंगळवार

डॉक्टर म्हणाला, आजी, साखर वाढलीय, रोज काय खाता ते लिहीत जा. मी म्हटलं, मला अक्षरं येतात, लिहिणं येत नाही. तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच. तो म्हणाला, मला दाखवू नका, तुमचं तुम्हाला कळावं म्हणून लिहा. हे बरं झालं. दाखवायचं नसेल तर मी काहीही लिहीन.

सकाळी चहा, बिनसाखरेचा. म्हणजे गरम पाणीच. दुपारी जेवण, नेहमीचं. संध्याकाळी काही नाही. बिस्किटं मी खाण्यात धरत नाही.

झालं खाणं. पान अजून निम्मं कोरं आहे. कोरं पान वाया घालवायची मला सवय नाही, म्हणून घरचं लिहिते.

आमचं घर वर आणि गॅरेज खाली. मध्ये एक लोखंडी जिना आहे, तो माझ्या गुडघ्यांचा वैरी. खाली माझा मुलगा गाड्या दुरुस्त करतो. वर सून शिवणयंत्र चालवते. यंत्र कितीही खडखडलं तरी तिच्या कानांना अडत नाही, वरचं खालचं सगळं ऐकते. आणि एक नात. जन्मात कधी एका जागी ठरली नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात.

भिंगरी आणि तिचा बाप एकमेकांशी बोलत नाहीत. बापाने खटपट करून तिला गाड्यांच्या मोठ्या शोरूममध्ये चिकटवलं होतं. काचेची भिंत, थंड हवा, गोल फिरणारी खुर्ची. ती थोडे दिवस फिरली आणि निघून आली. म्हणाली, मी आजोबांची व्हॅन चालवणार, शाळेच्या मुलांची ने-आण करणार. बाप म्हणाला, मी जन्मभर गाड्यांखाली लोळलो ते तू रस्त्यावर भोंगे ऐकावेस म्हणून नाही. ती म्हणाली, मग कशासाठी लोळलात ते एकदा विचारलंत का मला. तेव्हापासून बंद. जेवायला समोरासमोर बसतात, पण मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत.

मी नसते तर या घरात काय झालं असतं देव जाणे. दोघांचे निरोप मीच देते. जसेच्या तसे देत नाही. माणसं फार पाल्हाळ लावतात. मी निवडून, गाळून, कामाचं तेवढं पोचवते. सून परवा म्हणाली, "आई, तुम्ही कशाला जिना चढता, निरोप मी सांगत जाईन की." मी म्हटलं, "तू तुझ्या शिलाईकडे बघ." चांगली ओळखते मी तिला. आयता मान हवाय.

५ तारीख, गुरुवार

काल लिहिलं नाही. काल जे खाल्लं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

आज भिंगरी तोंड पाडून आली. शाळेत नव्या मोठ्या बाई आल्यात. त्यांनी सांगून टाकलं, मुलं नेणारी प्रत्येक गाडी सोळा तारखेला शाळेच्या आवारात तपासणार. धूर नको, तेल गळायला नको, खडखड नको. जी नापास होईल तिची मुलं बसवाल्याकडे. बसवाला म्हणजे तो टोपीवाला, ज्याच्या बसमधून मुलं घडी पडल्यासारखी उतरतात.

"आजी, मुलं गेली तर मी काय करू?"

"घरी बस. मला तरी सोबत होईल."

"घरी कोण बसू देईल? पुन्हा ती खुर्ची. आणि बाबांचा चेहरा, मी सांगत होतो म्हणणारा."

व्हॅन धूर सोडते हे खरं आहे. ती माझ्या नवऱ्याची. हे गेले, ती राहिली. माणूस चांगला होता पण गाडीच्या बाबतीत कुणाचं ऐकायचा नाही. इंजिनातलं तेल कधी बदललं नाही, कमी झालं की वरून ओतायचे. मुलगा घरचा गॅरेजवाला, तो म्हणायचा, बाबा, जुनं काढू, नवं घालू. हे म्हणायचे, "मुरलेलं तेल आहे ते. इंजिनाच्या अंगवळणी पडलंय, त्याला हात लावायचा नाही." जसं काही बरणीतलं लोणचं. भिंगरी त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकली, तीही वरूनच ओतते.

तिचा बाप त्या व्हॅनकडे ढुंकूनही बघत नाही. फक्त सकाळी ती गल्लीतून निघाली की हातातला पाना तसाच धरून वळणापर्यंत उभा राहतो. धुराने ठसका लागत असावा.

६ तारीख, शुक्रवार

तेलाच्या दुकानातल्या गोडबोल्याने भिंगरीच्या गळ्यात एक डबा मारला. त्याला फ्लश म्हणतात. डब्यावर इंजिनाची दोन चित्रं, दातांच्या डॉक्टरकडे असतात तशी, एक काळं आणि एक लख्ख. गरम इंजिनात जुन्या तेलातच हे ओतायचं, गाडी जागेवर थोडा वेळ चालू ठेवायची, मग सगळं काढून नवं तेल घालायचं. आतला चिकट गाळ आणि पिवळे डाग विरघळून बाहेर येतात म्हणे. पोट साफ करायला आमच्या लहानपणी एरंडेल देत, तसलाच प्रकार.

डबा तिने जिन्यावर ठेवला होता. बापाने पाहिला. मला खाली बोलावलं. हात पुसत बसला. तो हात पुसायला लागला की समजावं, भाषण आहे.

"आई, तिला सांग, नवी गाडी असती तर मी काही म्हटलं नसतं. पण या इंजिनात काळं लोणी साचलंय नुसतं, बाबांची कृपा. हे औषध ओतलं की ते एकदम सुटेल. सगळं काही तेलाबरोबर बाहेर पडत नाही. खाली जो चेंबर असतो ना, तेल साठतं तो, तिथे एक जाळी आहे. तिच्यात गाळ जाऊन बसेल. जाळी तुंबली की तेल वर चढणार नाही, आणि बिनतेलाचं इंजिन फिरलं की संपलं. आधी चेंबर उतरवून हाताने साफ करायला हवा. तिला म्हणावं गाडी इथे आणून लाव. मी करतो. म्हणजे... तिला बघायचं असेल तर बघेल, शिकेल."

एवढं सगळं घेऊन मी जिना चढले. वरच्या पायरीला पोचेपर्यंत धाप लागली. भिंगरीला सांगितलं, "बाप म्हणतो, त्या गाडीत घाण आहे, हात लावू नको."

तिचा चेहरा असा झाला की विचारू नका. "घाण? आजोबांची गाडी घाण?" मग म्हणाली, "त्यांना सांग, मी ऐकते. कसं करायचं ते मला दाखवा म्हणावं, मी माझ्या हाताने करते. पण गाडी ठेवून घेणार असतील आणि पुन्हा शोरूमचं काढणार असतील, तर नको."

खाली आले. गुडघे दुखत होते. सांगितलं, "ती म्हणते, नको."

त्याने फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बरं. एवढं तरी सांग. तेलाचा लाल दिवा लागला की जिथल्या तिथे बंद कर."

हे छोटं होतं. जिन्याखालूनच हाक मारून सांगितलं, जसंच्या तसं. निरोप असा असावा.

आज गोड काही नाही. चहात साखर चुकून पडली.

८ तारीख, रविवार

आज भिंगरीने व्हॅन गल्लीच्या तोंडाशी लावून फ्लश केलं. मी स्टूल घेऊन बसले, कुणीतरी मोठं माणूस हवं. तिने डब्यावरचं दोनदा वाचलं, इंजिन गरम केलं, औषध ओतलं, गाडी उभ्या जागी चालू ठेवली. मग बंद करून खाली परात लावून नट काढला.

जे बाहेर आलं त्याला तेल म्हणवत नव्हतं. डांबर. आधी पिंपळपानाएवढा गोळा पडला, मग धार, मग पुन्हा गोळे.

"बापरे, आजी, किती निघालं."

"निघालं म्हणजे अजून आहे," मी म्हटलं. "करपलेलं पातेलं कधी एका घासणीत निघालंय का? पुन्हा कर. करायचंच तर नीट कर."

तिला पटलं. स्वयंपाकघरातलं मला कोण शिकवणार. गोडबोल्याकडून दुसरा डबा आणला, थोडं साधं तेल घालून पुन्हा तसंच केलं. पुन्हा काळं आलं, पण पातळ. मग नवा फिल्टर, नवं तेल. चालू केली तर आवाज असा, मांजर मांडीवर बसल्यासारखा. भिंगरीने मला धरून गल्लीत गिरकी मारली. मी म्हटलं, सोड, पडेन.

बाप गॅरेजच्या दारात उभा होता. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "झालं बघ, काही नाही झालं." तो आत गेला. माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही कधी कधी, पोटचा असला तरी खरं ते लिहायचं.

९ तारीख, सोमवार

व्हॅन उभी होती तिथे जमिनीवर तेलाचा डाग. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेतून पाझरतंय, तापलं की जळका वास येतो. भिंगरी म्हणाली, मळाने फट बुजलेली होती, मळ गेला तशी उघडली. आता गळती आली म्हणजे तपासणीत तेही आलं. फडकं बांधून गेली.

सून जेवताना म्हणाली, "आई, शुक्रवारी यांनी तुम्हाला नक्की काय सांगायला दिलं होतं?" मी म्हटलं, "दिलं होतं ते दिलं." ती वरण वाढता वाढता माझ्याकडे असं बघत होती की जणू मी तिची शिवण उसवली.

११ तारीख, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहिते, म्हणजे पुढे कुणी मला दोष द्यायला नको.

दुपारी शाळा सुटल्यावर भिंगरी मुलं घेऊन येत होती. चढावर लाल दिवा लागला. तिने जिथल्या तिथे इंजिन बंद केलं. मागून सगळे भोंगे मारताहेत, एक जण उतरून शिव्या देतोय, मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणतोय ताई मला लागलीय. तिने मुलांना कडेला झाडाखाली उभं केलं, सगळ्यांच्या आयांना फोन केले आणि शेवटचं मूल हातात देईपर्यंत तिथून हलली नाही. आया काय म्हणाल्या ते ती सांगत नाही. व्हॅन दोरीला बांधून ओढत आणली.

गल्लीत आली तेव्हा बाप गॅरेजमधून बाहेर आला. गाडीभोवती एक फेरी मारली. भिंगरी एका दाराशी, तो दुसऱ्या दाराशी, मध्ये मी. हात लांबवला तर दोघांना लागेल इतकं अंतर.

तो म्हणाला, "आई, तिला विचार, दिवा लागल्यावर गाडी किती चालवली? घाबरू नको म्हणावं, खरं सांग. थोडीशी चालवली असेल तरी मार्ग आहे."

मी भिंगरीकडे वळून म्हटलं, "बाप विचारतो, खरं सांग, किती चालवलीस?"

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. "आजी, घाबरू नको म्हणाले ते."

"तेच ते."

"तेच कसं?"

"तू उत्तर दे आधी."

ती म्हणाली, "त्यांना सांग, एक फूटसुद्धा नाही. त्यांनीच सांगितलं होतं जिथल्या तिथे बंद कर, म्हणून केली. नाहीतर मी वळणापर्यंत नेली असती. त्यांच्यामुळे वाचली, वाचली असेल तर."

मी मुलाकडे वळले. "म्हणते, नाही चालवली."

"आई," तो म्हणाला, "ती एवढंच नाही म्हणाली."

"मग तुला ऐकू येतंय तर मला कशाला उभी केलीय उन्हात?"

दोघं माझ्याकडे असं बघायला लागले की मला वाटलं पदराला काही लागलंय. मग भिंगरीने अगदी हळू विचारलं, "आजी, शुक्रवारी बाबा नेमकं काय म्हणाले होते?"

"सांगितलं ना. घाण आहे, हात लावू नको."

मुलगा पडलेल्या टायरवर बसला. डोकं हातात धरलं. मला वाटलं रडतोय, बघते तर खांदे हलताहेत, हसतोय. "आणि हिने मला काय म्हटलं होतं? नुसतं नको?"

"मी नुसतं नको नाही म्हटलं," भिंगरी म्हणाली. "मी म्हटलं दाखवा, मी करते."

हे ती मला नाही म्हणाली. सरळ त्याला म्हणाली. मी मध्ये उभी असताना. वर खिडकीत शिवणयंत्र थांबलेलं होतं.

"आणि त्या शोरूमबद्दल," मुलगा म्हणाला, "दिवाणखान्यात जे भांडण झालं त्यानंतर मी म्हटलं होतं, एक वर्ष चालवून बघ, मग बोलू. ते पोचलं का?"

"मला आलं ते असं, वर्षभरात कळेल तुला."

मी म्हटलं, "फरक काय पडतो?" दोघं गाडीकडे वळले. एवढं करून वर हे.

गोड खाल्लं. हो, खाल्लं. दिवस तसा होता.

१२ तारीख, गुरुवार

सकाळपासून व्हॅन गॅरेजमध्ये जॅकवर. बाप-लेक दोघं खाली आडवे. मला वाटलं होतं बोलायला लागले म्हणजे गोड बोलतील. कुठचं काय.

"धर म्हटलं ना."

"धरलंय."

"हे धरणं आहे? दोन्ही हातांनी."

"बाबा, तुमचं डोकं बाजूला घ्या, नट तिकडेच पडणार आहे."

पडला. डोक्यावर नाही, कपाळावर.

चेंबर उतरला तेव्हा मी वाकून पाहिलं. तळाशी काळं लोणी, बोटभर. जाळी दिसतच नव्हती, जशी जुन्या चाळणीवर साय धरावी तशी बंद. मुलाने जाळी उजेडाकडे धरली आणि तिला दाखवलं. "हे सुटून इथे येऊन बसलं. दुसरा डबा ओतला नसतास तर कदाचित एवढं एकदम आलं नसतं. दुसऱ्याचं कुणी सांगितलं, गोडबोल्याने?"

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्याच डोक्यात आलं."

पोरगी डोकेबाज आहे, पण श्रेय घ्यायची हाव वाईट.

चेंबर घासायचं काम मी मागून घेतलं. डिझेलमध्ये भिजवला, लाकडी सुरीने खरवडला, मग घासणी. मुलगा म्हणाला, आई, कडेला पत्र्याने ओरखडू नकोस, तिथे पॅकिंग बसतं, ओरखडा पडला की पुन्हा गळेल. मी म्हटलं, तुझ्या बापाचा डबा मी जन्मभर घासला, मला कड शिकवतोस? दुपारपर्यंत असा केला की तोंड दिसावं. हातांचा वास अजून जात नाही. दोनदा आंघोळ केली.

इंजिनाचं वरचं झाकण काढलं तर आत सगळीकडे तपकिरी चकाकी, कपाटाला वार्निश फासल्यासारखी. भिंगरी म्हणाली, हेही काढू. तो म्हणाला, "ते नाही. तो नुसता डाग आहे, कुणाच्या वाटेत येत नाही. आता चांगलं तेल घालायचं आणि लवकर लवकर बदलत राहायचं. हळूहळू आपोआप निघेल. घाई केली की काय होतं ते पाहिलंस." ती खालच्या आवाजात म्हणाली, "आजोबा म्हणायचे मुरलेलं." "ते पुष्कळ काही म्हणायचे," तो म्हणाला, आणि दोघं हसले. ह्यांच्यावर हसायला ह्यांच्याच गाडीखाली जागा मिळाली.

१४ तारीख, शनिवार

जाळी, नवं पॅकिंग, नवं तेल, फिल्टर, सगळं बसलं. पण खरी भीती वेगळीच होती. मुलगा काल सांगत होता, तेलाविना थोडं जरी फिरलं असेल तर आतले भाग खरवडले जातात, मग चालू केल्यावर ठोकल्यासारखा आवाज येतो, आणि तो आवाज आला की इंजिन गेलं समजा. तपासणी परवा. मुलं तीन दिवस टोपीवाल्याच्या बसने जाताहेत. एका मुलाच्या आईने सांगून टाकलंय, आता आम्ही बसलाच ठेवतो.

भिंगरीने किल्ली बापापुढे धरली. "तुम्ही लावा."

"गाडी कुणाची आहे?"

"बाबा, मला भीती वाटतेय."

"मग भीत भीत लाव."

तिने किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. लागलेलाच राहिला. सून जिन्यावर उभी, हातात कापड तसंच. मी देवाचं नाव वगैरे घेतलं नाही, पण श्वास घेतला नव्हता हे खरं. मग दिवा गेला. मुलाने इंजिनावर कान टेकवला, डोळे मिटून. बराच वेळ तसाच.

"काय?" भिंगरीने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. ठोकत नाही. वाचली."

भिंगरी गाडीतून उतरली आणि थेट बाथरूममध्ये गेली. बाहेर आली तेव्हा नाक लाल. डिझेलचा वास लागतो एकेकाला.

१६ तारीख, सोमवार

तपासणीला मीही गेले, मागच्या बाकावर. मुलगा म्हणाला, आई, तू कशाला. मी म्हटलं, गाडीत वजन असलं म्हणजे नीट बसते. तो पुढे बसला, भिंगरीने चालवली. वाटेत त्याने दोनदा पाय दाबला, जिथे ब्रेक नव्हता तिथे.

शाळेच्या आवारात सगळ्या गाड्या रांगेत. तपासणारा उंच, हाडकुळा, बोलायला कंजूष. त्याने व्हॅन चालू करायला लावली आणि इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा सरकवला. आम्ही सगळे पुठ्ठ्याकडे बघत बसलो, जशी काही त्यावर निकालाची यादी लागणार. आणि टपकन एक थेंब पडला.

भिंगरीने बापाचा दंड धरला. त्यानेही तो सोडवला नाही. तपासणाऱ्याने थेंबाला बोट लावलं, हुंगलं, चोळलं. "पाणी," तो म्हणाला. "धुऊन आणलीत?"

सकाळी मीच एक बादली ओतली होती. धुळकट गाडी घेऊन परक्याच्या दारात जाते का कुणी.

मग त्याने झाकण उघडून आत बॅटरी मारली. वाकून खालूनही बघितलं. "आत इतका जुना डाग आणि चेंबर नव्यासारखा. कुणी केलं हे?"

"हिने," मुलगा म्हणाला.

"यांनी," भिंगरी म्हणाली. एकाच वेळी.

तो गोंधळला. म्हणून मी मागून सांगितलं, "चेंबर मी घासला." मोठ्या बाई हसल्या. हसण्यासारखं काय होतं त्यात, खरं होतं ते.

पास. टोपीवाल्याची बस मात्र धुरावर अडकली. मोठ्या बाईंनी भिंगरीला बाजूला घेतलं. म्हणाल्या, रस्त्यात गाडी बंद पडली त्याची तक्रार आली होती. पण एका आईने असंही सांगितलं, की शेवटचं मूल घरच्यांच्या हातात देईपर्यंत ही पोरगी उन्हात उभी होती. मुलं उद्यापासून परत. बसलाच ठेवतो म्हणणारीचं सुद्धा.

आज सगळ्यांनी गोड खाल्लं, मग मी एकटीने उपाशी राहावं का.

२२ तारीख, रविवार

डॉक्टर म्हणाला, साखर अजून वर. मी म्हटलं, मी तर लिहिते आहे. तो म्हणाला, लिहून कमी होत नाही आजी, न खाऊन होते. मग आधीच सांगायचं होतं.

घरात हल्ली नुसता गोंगाट. तिला वाटतं बाप ब्रेक जास्त कसतो, त्याला वाटतं ती क्लच जास्त दाबते. जेवताना तेच. एकदा तर दोघांनी मीठ मागायला एकदमच हात पुढे केला, माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. पहिली शांतता बरी होती असं नाही, पण ऐकू तरी यायचं. आठवडाभर कुणी एक निरोप दिला नाही. जिना चढायचा नाही म्हणून गुडघे आखडले.

आज संध्याकाळी मुलाने खालून हाक मारली. गेले. फडक्याने हात पुसत होता. हात स्वच्छच होते.

"आई, तिला एक सांग."

"तुझ्या तोंडाला काय झालं? दिवसभर तर तिच्याशी भांडतोस."

"भांडता येतं. हे नाही येत." मग उभ्या उभ्या पायाने एक नट इकडून तिकडे ढकलत राहिला. "सांग की त्या दिवशी भर चढावर, मागे मुलं, भोंगे, शिव्या, तरी तिने किल्ली फिरवून बंद केली. माझ्या हाताखाली तयार झालेले सुद्धा वळणापर्यंत नेतात. मीही नेली असती. माझ्याकडून जे शिकवायचं राहिलं, ते तिचं तिने शिकून घेतलं. सांग की सकाळी ती गाडी काढते तेव्हा मी बघत असतो, ते गाडीसाठी नव्हे. आणि शोरूमचं नाव मी पुन्हा काढणार नाही. बाबा असते तर त्यांनी काय म्हटलं असतं मला माहीत नाही, पण मला... हे राहू दे. तेवढं सांग."

जिना चढले. भिंगरी आरशासमोर केस विंचरत होती.

"बाप म्हणतो," मी म्हटलं, "बरी चालवतेस."

तिचा कंगवा थांबला. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाली, "आजी, एवढं बोलायला बाबांना किती वेळ लागला?"

"बराच. हात पुसून पुसून फडकं फाटायला आलं होतं."

तिने कंगवा ठेवला, तोंड फिरवून, डोळ्यात काही गेलेलं नसताना डोळे पुसले, आणि ती धडाधड जिना उतरून खाली गेली. सूनही यंत्र बंद करून खिडकीत जाऊन उभी राहिली. काय बघायचं होतं तिला तिथे, कुणास ठाऊक.

मी मात्र मनाशी म्हटलं, निरोप असाच द्यावा. थोडक्यात, आणि अख्खा पोचेल असा.